दार लावा, पापुद्रा ताणतोय

शारोल्तानं मागचं दार ढकललं आणि आतून दोन माणसं एकदम ओरडली, "दार!"

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसा नदीवरचा ओला वारा तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात घुसला. लांबरुंद टेबलावर पसरलेला कसलासा पांढुरका पडदा थरथरला... आणि मधोमध टर्रकन फाटला.

टेबलापलीकडे एक तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवईवर पीठ, हात अजून हवेतच. त्यानं फाटलेल्या पापुद्र्याकडे पाहिलं, मग तिच्या गळणाऱ्या छत्रीकडे आणि मग तिच्याकडे.

"पुढचं दार दिसलं नाही का तुम्हांला?"

"दिसलं. कुलूप होतं."

"बारा वाजता उघडतं ते."

"मला वाटलं, हॉटेल बंदच पडलंय."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली म्हातारी खो खो हसली. "पडेल, पडेल. एवढी घाई कशाला गं पोरी?"

ही योलानमावशी. हॉटेल तिचं आणि भुवईवर पीठ लागलेला बेनेदेक तिचा भाचा. चोंग्रादच्या नदीकाठी एके काळी या हॉटेलापुढे रांग लागायची म्हणे. आता शनिवारची पाच-सहा गिऱ्हाइकं आणि तीन मांजरं उरली होती.

शारोल्ता खरं तर आली होती दुसऱ्याच कुणासाठी. मासळीचं सार करणारा एक बुवा होता नदीकाठी, पण त्यानं गेल्याच आठवड्यात गाशा गुंडाळला होता. परतीच्या बसला दोन तास होते, पावसानं गाठलं आणि समोर दिसलं ते दार तिनं ढकललं, एवढंच.

"आता भरपाई करा," बेनेदेक म्हणाला.

"किती झाले?"

"पैसे कोण मागतंय? हात द्या. अजून एक गोळा आहे. मावशीचा खांदा गेलाय आणि एकट्यानं मोठा पापुद्रा निघत नाही. धुवा हात आणि राहा उभ्या समोर. आणि ती अंगठी काढा, फाटेल तिनं." तो क्षणभर थांबला. "लग्नाची आहे?"

"आजीची आहे."

"मग बरं..." म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... काढायला सोपी."

तिनं अंगठी काढून फळीवरच्या एका रिकाम्या अंड्याच्या कपात ठेवली.

ऊन केलेल्या पातेल्याखालून त्यानं मैद्याचा गोळा काढला. दोन मुठींएवढा असेल, कानाच्या पाळीसारखा मऊ. "बोटांनी नाही हं. बोटं हावरी असतात. हाताच्या पाठीनं... खालून... असं." दोघं टेबलाभोवती हळूहळू फिरू लागली. तो एक पाऊल, ती एक पाऊल. तो ताणायचा आणि ती धरायची, ती ताणायची तेव्हा तो श्वास रोखायचा. गोळ्याची पोळी झाली, पोळीचा रुमाल झाला, मग तो टेबलाच्या कडांपर्यंत पोचला आणि कडांवरून खाली झुलायलाही लागला. खालच्या चादरीवर भरलेली निळी फुलं एकेक करून वर उमलत आली. आता पापुद्रा असून नसल्यासारखाच होता.

शारोल्तानं चार वर्षांत देशभरच्या स्वयंपाकघरांत काय काय पाहिलं होतं! पण असं काही... नाही. मूठभर मैदा, कोमट पाणी, चमचाभर व्हिनेगर आणि दोन माणसांचे हात, त्यातून हे होतं? तिला एकदम रडूच येईल असं वाटलं आणि का ते कळेना.

"आता परीक्षा," योलानमावशी म्हणाली. "पापुद्र्यातून आरपार प्रेमपत्र वाचता आलं पाहिजे, नाहीतर गुंडाळून भाजला तरी तो रेतेश कसला?" चादरीवर तिनं आधीच एक पिवळं पडलेलं पत्र ठेवलं होतं. नवरा फौजेत असताना त्यानं धाडलेलं.

बेनेदेक खड्या आवाजात वाचू लागला. "माझ्या योलान, इथलं सूप पातळ आहे आणि तुझी आठवण दाट—"

"अहो, तुमचे डोळे तर मिटलेत!"

"लहानपणापासून तेच पत्र. पाठच झालंय. पापुद्रा चादरीएवढा जाड असला तरी मी पास."

शारोल्ता इतकी हसली, की मांजरं उठून बसली.

आंबट चेरी आणि खसखस घालून रेतेशची गुंडाळी भट्टीतून निघाली, तेव्हा सवयीनं तिनं तुकडा मोडून पदर मोजायला घेतले. नवव्या पदरावर ती आकडा विसरली. पुढचं फक्त खाल्लं.

बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं, अंगठी कपातच राहिली! खरंच विसरली होती? आता कुणाच्या मनातलं आपण काय सांगावं... पण पुढच्या शनिवारी ती अंगठी घ्यायला गेली आणि त्या शनिवारीही न घेताच परतली. बेनेदेकनंही आठवण म्हणून करून दिली नाही.

मात्र शारोल्ता पोटापाण्यासाठी काय करते, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

लेहेल ओर्मोश, टीव्हीवरचा तो बडा शेफ, ज्याच्या बुडापेस्टच्या हॉटेलात तीन महिने आधी टेबल सांगून ठेवावं लागतं, त्याची ती माणूस. डबघाईला आलेली हॉटेलं शोधायची, निमूट जेवायचं आणि आत कुणाच्या हातात जादू आहे ते हेरायचं. मग साहेबांच्या सहीचं पांढरं कार्ड टेबलावर ठेवायचं, की झालं. चार वर्षांत सात जणांना तिनं असं उचललं होतं आणि नाही म्हणणारा एकही भेटला नव्हता. तिकडची मंडळी तिला पाठीमागे घार म्हणत.

तिसऱ्या शनिवारी योलानमावशीनं आलुबुखाराच्या दारूचे दोन इवलेसे पेले भरले. "काय ते तुम्ही-आम्ही चाललंय मघापासून! हात अडकवा हातात, प्या आणि या 'तू'वर." त्यांच्याकडे रीतच तशी. दोघांनी कोपरात कोपर अडकवलं. एवढ्या जवळून शारोल्तानं त्याच्या पापण्यांवरचं पीठही पाहिलं.

"तू..." बेनेदेक म्हणाला आणि अडकला.

"काय मी?"

"काही नाही. म्हणून बघितलं. छान वाटतं."

ती ठसक्याचं निमित्त करून वळली, तर समोर खुंटीवर एक ॲप्रन. त्यावर लाल दोऱ्यानं नाव भरलेलं, लोरांद.

"हा कोण?"

"माझा दोस्त. तुझ्या जागी तोच उभा असायचा. दीड वर्षापूर्वी मासळीच्या जत्रेत त्याला कोणी बाई भेटली, ओर्मोशसाहेबांचं कार्ड दिलं न् गेला की तो. बडा माणूस झाला असेल आता."

शारोल्तानं ॲप्रनवरचं नाव पुन्हा वाचलं. जत्रेतला तो हसरा पोरगा... तिनंच नेला होता त्याला. आणि तो कुठला बडा माणूस! तळघरात उभा राहून चिमट्यानं प्रत्येक ताटलीत हिरवं पान ठेवतो. दिवसाला तीनशे पानं. तिकडे पापुद्रा कुणी ताणतच नाही, तो यंत्रातून येतो.

"राग येतो तुला त्या बाईचा?"

"छे! तिनं काय बांधून नेलं त्याला? पण भेटली ना, तर एवढं सांगेन... बाई, तू माणूस एक नेलास, पण या टेबलाचे चारही हात गेले."

त्या आठवड्यात ओर्मोशचा फोन आला. त्याचा प्रश्न नेहमीचाच. "हात कुणाचा?"

"नाही... अजून नक्की नाही, साहेब."

"तीन शनिवार चोंग्रादला जातेस आणि नक्की नाही? मी स्वतःच येतो. शनिवारी, बाराला."

शनिवारी ती दहालाच पोचली. बेनेदेक भट्टी पेटवत होता. योलानमावशीनं तिला दाराशीच गाठलं आणि आवाज खाली आणला.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, पोरी. पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुला. भुकेलं माणूस रेतेश आधी तोंडात घालतं, तू पदर मोजत बसलीस. ओर्मोशची ना तू?"

शारोल्तानं मान खाली घातली.

"मग ने त्याला. नाताळात मी कुलूप घालणार आहे. असले हात इथं राहून कुजायला नकोत."

"पण मावशी, तिकडे ते हात..." ती भट्टीपाशी वाकलेल्या बेनेदेककडे बघू लागली. सांगितलं तर तो लोरांदसाठी तिला आयुष्यभर माफ करणार नाही. नाही सांगितलं तर दोन तासांत साहेब येऊन त्याला घेऊन जातील आणि तेही तिच्यामुळेच.

बेनेदेक गोळा आणायला वळला, तेवढ्यात तिनं चादरीवरचं जुनं पत्र उचललं. त्या जागी पोस्टकार्डाएवढं पांढरं कार्ड ठेवलं, सही खाली आणि पाठ वर. त्या पाठीवर रात्री तिनं काही ओळी लिहिल्या होत्या.

दोघं फिरू लागली. एक पाऊल तो, एक पाऊल ती. निळी फुलं उमलत आली.

"माझ्या योलान," बेनेदेकनं डोळे मिटून सुरू केलं, "इथलं सूप पातळ आहे—"

"डोळे उघड, गाढवा," मावशी म्हणाली.

त्यानं उघडले. वाकून पाहिलं. "लोरांदला... मी नेलं."

त्याचे हात थांबले. त्यानं वर पाहिलं आणि शारोल्ताला वाटलं, झालं, संपलं.

"थांबू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "वाळेल तो."

खरंच होतं ते. रागावलेला असो की रुसलेला, पापुद्रा कुणासाठी थांबत नाही. ओठ घट्ट मिटून त्यानं पुन्हा ताणायला घेतलं. ती धरत होती. तो कार्डावरचं पुढचं वाचू लागला.

"तुलाही न्यायला आले होते. साहेब बाराला येतील. तिकडे लोरांद पानं ठेवतो, पापुद्रा यंत्र करतं. तरी जायचं असेल, तर हे कार्ड तुझंच." तो आणखी वाकला. "पुढची ओळ लागत नाही. इथं जाड आहे."

"मग ताण ना अजून..."

"फाटेल."

"नाही फाटणार. मी धरलंय."

तो एक पाऊल सरकला, ती एक पाऊल सरकली. पापुद्रा पातळ होत होत जणू नाहीसाच झाला आणि शेवटची ओळ वर आली. ती मात्र बेनेदेकनं मोठ्यानं वाचली नाही. नुसते ओठ हलले. न्यायला आले होते, आता तूच मला ठेवून घेशील?

"काय लिहिलंय रे? माझा चष्मा कुठाय?" मावशी चाचपडत होती.

बेनेदेक शारोल्ताकडे बघतच राहिला. रागही होता त्या नजरेत, आणि... आणि दुसरंही बरंच काही.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. वारा आत घुसला, पापुद्रा फुगून थरथरला...

"दार लावा!"

सगळ्यांत मोठा आवाज शारोल्ताचा होता.

दारात काळा ओव्हरकोट घातलेला लेहेल ओर्मोश उभा होता. गेल्या वीस वर्षांत त्याच्यावर कुणी असं ओरडलं नसेल. त्यानं गुपचूप दार लावलं. पापुद्रा हेलकावला, निवला आणि फाटला नाही.

ओर्मोश पुढे आला. टेबलावर त्याला निळी फुलं दिसली, त्यांच्यामध्ये आपलंच कार्ड दिसलं आणि त्यावरची अक्षरंही. हळूच त्यानं डोक्यावरची हॅट काढली. देवळात उभं राहावं तसा तो टेबलाशी उभा राहिला.

"माझी आजी असा करायची," तो म्हणाला. आवाज टीव्हीवरचा नव्हता. "हात कुणाचा?"

शारोल्तानं बेनेदेककडे पाहिलंच नाही. तिची हिंमतच झाली नाही.

"दोघांचा," बेनेदेक म्हणाला.

तिनं मान वर केली. भुवईवर पीठ होतं, कान लाल होते आणि तो हसत होता.

"आता रोज ताणणार आम्ही, मावशी," तो म्हणाला. "कुलूप नदीत टाक ते."

मावशीनं डोळ्यांना पदर... नव्हे, ॲप्रन लावला. "आणि तुम्ही हो साहेब, आमच्या लोरांदला म्हणावं, चिमटा ठेव आणि ये घरी."

ओर्मोशनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं, फळीवरच्या कपात शारोल्ताच्या आजीच्या अंगठीशेजारी ठेवलं आणि बाह्या सारू लागला.

"मला... एकदा धरू दे ना. एकच कोपरा."

"धरा की, साहेब," बेनेदेक म्हणाला. "पण कडेला उभे राहा. माझ्या समोरची जागा हिची आहे."