वरचा पवित्रा घेण्याआधी

हॉलमध्ये माणसं नऊ, बांबूच्या तलवारी चौदा आणि खिडक्या सहा. त्यातली एकही नीट लागत नव्हती. इथे रोज संध्याकाळी लोक किंचाळतात, अशी तक्रार शेजारच्या इमारतीतून आल्यामुळे ऑफिसनं मला आवाज मोजायला पाठवलं होतं. मी भिंतीपाशी मीटर लावला, बटण दाबलं आणि केंडो नावाचा जपानी तलवारबाजीचा प्रकार पहिल्यांदा पाहिला.

माझ्यासमोर या वर्गाच्या बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. निवृत्त दंतवैद्य, साठीच्या पुढच्या. त्यांच्या पलीकडे एक उंच माणूस, तोंडावर लोखंडी जाळी. तो जागच्या जागी थांबला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "माफ करा, उद्धटपणा करतोय."

तो माझ्याकडेच बघतोय असं मला वाटलं. मोजणीत व्यत्यय आला म्हणून बिचारा माफी मागत असेल...

"हरकत नाही," मी म्हणाले.

मग सगळा हॉल हसला. बाई तर तलवार टेकवून हसल्या. डोक्यावर चाललेली त्याची तलवार अर्ध्यातच खाली आली.

"हे वाक्य बाईंसाठी होतं," नंतर जाळी काढून तो म्हणाला. कपाळावर घामानं चिकटलेले केस, आणि खालचा ओठ दाताखाली धरून आवरलेलं हसू. "पण आभारी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी परवानगी दिली."

"मग माफी कशाची मागत होतात?"

"मोठा प्रश्न आहे. वर्गात नाव घातलंत तर उत्तर मिळेल."

मी नाव घातलं. केवळ उत्तरासाठी... असं निदान घरी ताईला सांगितलं.

उत्तर बाईंनी दिलं. नेहमीचा पवित्रा मधला. तलवारीचं टोक समोरच्याच्या गळ्याकडे. वरच्या पवित्र्यात दोन्ही हात डोक्यावर जातात, छाती-पोट उघडं पडतं. म्हणजे समोरच्याला सांगायचं, मला बचावाची गरज नाही, मी फक्त मारणार. आपल्याहून ज्येष्ठ माणसापुढे हा आगाऊपणा. म्हणून सरावात आधी माफी मागायची आणि मगच हात वर न्यायचे.

"आणि समोरच्यानं काय म्हणायचं?"

"काही नाही. मान हलवायची. आणि आपलं टोक थोडं वर, त्याच्या डाव्या मनगटाच्या रोखानं न्यायचं. तोच त्यावरचा पवित्रा. प्रश्नपत्रिके, आता सराव!"

प्रश्नपत्रिका हे नाव मला त्याच दिवशी चिकटलं. त्या उंच माणसाला सगळे चष्मेवाला म्हणत. बाजारातल्या दुकानात तो भिंगं घासायचा, आणि समोरच्याच्या नजरेवरून त्याची पुढची चाल ओळखायचा.

मला नवल वाटलं ते पुढे. माझ्यासमोर उभा राहिला की तोही थांबायचा. "माफ करा, उद्धटपणा करतोय."

"अहो, मी तुमच्याहून कितीतरी कनिष्ठ आहे."

तो तसाच उभा. टोक माझ्या गळ्याकडे.

"...हरकत नाही."

मग कुठे हात वर जायचे. रोज. इतर नवख्यांना तो काहीच म्हणत नसे, हे मी नीट तपासून पाहिलं होतं. ताईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अगं, एवढं सायन्स शिकलीस आणि हे कळत नाही?"

"पुरावा अपुरा आहे, ताई."

दीड वर्षानं आमचा पाच जणांचा संघ स्पर्धेला निघाला. चार जागा भरल्या. पाचवीसाठी बाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. दोन गुण आधी घेईल तो जाणार. मला ती जागा हवी होती. हातावरचे फोड, पहाटेचा सराव, सगळं त्यासाठीच होतं.

सामन्यात बोलायचं नसतं. माफीही नाही. मधल्या पवित्र्यात सुरुवात करायची आणि वर जायचं तर मुकाट्यानं जायचं.

तो गेलाच नाही. टोक माझ्या गळ्याकडे धरून तो नुसता उभा... पायांत गोंधळ, हातांत जोर नाही. मी त्याच्या डोक्यावर सरळ वार केला. एक गुण माझा.

दोघं आपापल्या रेषेवर परतलो. पुन्हा मधला पवित्रा. आणखी एक असाच वार केला की जागा माझी. पण जाळीमागचे त्याचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते, आणि तो कशाची वाट बघतोय ते मला एकदम कळलं.

राग आला. मग राग कुठेतरी विरघळला.

मी तलवारीचं टोक हळूच वर नेलं, जिथे त्याचं डावं मनगट अजून पोचलं नव्हतं तिथे. त्याच्या वरच्या पवित्र्यावरचा माझा पवित्रा, त्याच्या आधी.

त्याचे हात डोक्यावर गेले.

त्यानंतरचे दोन्ही गुण त्यानं घेतले. पाचवी जागा त्याची झाली. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सगळे गेल्यावर मी मागे राहिले. खिडक्यांना अखेर जाड पडदे लागले होते, त्यामुळे रिकाम्या हॉलचा आवाज पुन्हा मोजायचा होता. तो मीटरची पेटी घेऊन आला.

"जागा हातात आली होती तुमच्या," तो म्हणाला. "का सोडलीत?"

"तुमच्या अर्ध्या खेळावर जिंकून काय करू? आणि तुम्ही हात वर का नेले नाहीत?"

"विचारता येत नव्हतं ना." तो कान चोळत होता. "मुद्दाम नाही केलं, खरंच... तुम्ही 'हरकत नाही' म्हटल्याशिवाय हात वर जातच नाहीत आता. वाईट खोड लागलीय."

"मला का विचारता? रीत तर ज्येष्ठांसाठी आहे."

"मीटर लावा आधी."

"लावला की पाच मिनिटं गप्प बसावं लागेल."

"बसतो."

मी बटण दाबलं. आम्ही भिंतीला टेकून बसलो. बाहेर एक सायकल गेली. त्याचा श्वास ऐकू येत होता, किंवा माझा असेल. पाच मिनिटं काही त्याला गप्प बसवलं नाही.

"माफ करा," तो कुजबुजला, "उद्धटपणा करतोय... मला तू आवडतेस."

मोजणी वाया गेली. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागली. पण मीटरनं आकडे टिपले होते. त्याचं वाक्य : अडतीस डेसिबल. माझं 'हरकत नाही' : एक्क्याण्णव.