दोन ठोके, मग एक

बाई 'गेली' की तिला मधल्या खोलीत निजवायचं, बाहेरून कडी लावायची, आणि आतून कुणी ठोठावलं तरी उघडायचं नाही. तिने स्वतःचं नाव सांगून हाक मारली तरच उघडायचं. का, ते विचारायचं नाही.

हा नियम जुन्या घरातून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सामानाबरोबरच आला होता. 'जाणं' म्हणजे त्यांच्याकडे बेशुद्ध पडणं. त्या घरातल्या बायका अशा जात आणि येत. "येते ती हाक मारते," मोठे काका सांगत. "ठोठावते ती दुसरीच असते."

आत्या मात्र गेली ती गेलीच. कपडे धुता धुता पडली होती. ठिणगी तेव्हा लहान होती. हे नाव काकांनीच कौतुकाने ठेवलेलं, पुढे चटके त्यांनाच बसले. त्या दुपारी ती जेवणाच्या टेबलाखाली चित्र रंगवत बसली होती आणि मधल्या खोलीच्या दारातून आवाज येत होता. ठक् ठक्... ठक्. दोन लागोपाठ, मग दम खाऊन एक.

"आत्या उठली," ती म्हणाली.

काकूने तिच्या तोंडावर हात दाबला. आत्याला उचलून नेलेल्या त्या हाताला ओल्या साबणाचा वास येत होता. हळूहळू ठोके मंदावले. मग थांबले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ठिणगी स्वतः जिन्यात कोसळली, तेव्हा तिने कुणाचं न ऐकता आईला धरून दवाखाना गाठला.

"परवा गेली होती हो," आई डॉक्टरांना म्हणाली.

"कोण गेली?"

"ही."

डॉक्टरांनी समोर धडधाकट बसलेल्या पोरीकडे पाहिलं.

"आमच्याकडे बायका जातात आणि येतात, डॉक्टर," ठिणगी म्हणाली. "एक आत्या तेवढी यायची राहिली."

डॉक्टर हसले नाहीत. हृदयाची लय मधेच चुकत असेल तर ती चुकतानाच पकडायला हवी, म्हणाले. छातीच्या डाव्या बाजूची जागा बधिर करून त्यांनी बारीकशी चीर दिली आणि काडेपेटीच्या काडीहून जरा रुंद असं एक चपटं यंत्र कातडीखाली सरकवलं. ठिणगी टक्क जागी होती. नुसता दाब जाणवला.

"हे दुरुस्त काही करणार नाही," तिथल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "नुसतं बघत बसणार आणि आम्हाला कळवणार. हा डबा उशाशी ठेवा, निरोप त्यातूनच आमच्याकडे येतो."

घरी काकांचा पारा चढला. "छातीत चहाडखोर बसवून घेतलाय कार्टीने! घरातल्या गोष्टी दवाखान्याला कशाला कळायला हव्यात?"

"चहाडी करण्यासारखं काही केलंच नसेल, तर घाबरता कशाला?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," काकू म्हणाली.

आणि एका दुपारी, आई कामावर गेलेली असताना, ओढणीला इस्त्री करता करता ठिणगीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

डोळे उघडले तेव्हा सगळीकडे अंधार. पाठीखाली गार फरशी. खिडकीचा जाड पडदा ओढलेला, हवा कोंदट, आणि वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब न पाहिलेल्या त्या खोलीत ओल्या साबणाचा वास. अगदी तोंडाजवळ. कुणी वाकून बसल्यासारखा. छातीचं हाड ठणकत होतं. तिने हाक मारायचा प्रयत्न केला, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. कसाबसा हात उचलून तिने दारावर आपटला.

बाहेर पावलं थबकली.

"अहो... ठोठावतंय..."

"गप्प बस. ओ देऊ नकोस."

तेव्हा ठिणगीला कळलं. आत्याचीही जीभ उचलली नसणार. बाहेर हीच दोघं उभी असणार, अशीच, श्वास रोखून. तिला भीती वाटायला हवी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि त्या आगीनेच जीभ सुटली.

"उ... उघडा!"

"नाव सांग," काका म्हणाले.

"उघडा म्हणते ना!"

"आधी नाव..."

नाव तिने असं सांगितलं की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातूनच बोलावणं आलं. तंत्रज्ञ बाईंनी पडद्यावर रेघ दाखवली. टोकदार ठोके, ठोके, आणि मग एकदम सपाट. "इथे हृदय थांबलंय. बराच वेळ. पेसमेकर लागणार, आणि लवकर." मग त्यांनी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. "पण घरच्यांना शाबासकी द्या हं. छातीवर ठोसे मारलेत ना कुणीतरी?"

"कुणी?"

"हे बघा. हे हृदयाचे ठोके नाहीत, बाहेरून बसलेत. किती वेळ मारत होतं माणूस! सोडलं नाही तुम्हाला."

ठिणगीने पाहिलं. दोन लागोपाठ. मग जरा थांबून एक. पुन्हा दोन. पुन्हा एक. आणि शेवटच्या एकानंतर तिचं स्वतःचं हृदय, अडखळत, सुरू झालेलं.

तिने कुर्त्याचं वरचं बटण काढून पाहिलं. छातीच्या हाडावर मुठीएवढा निळा डाग होता.

घरी येताना ती सुताराला सोबत घेऊनच आली. त्याने मधल्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या आणि दार उचलून खोलीबाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" काका ओरडले. "ते यंत्र आधी काढून ये. नव्या यंत्राची तर बातच नको. या घराचे काही नियम आहेत."

"यंत्र राहणार. दुसरंही बसणार. दार राहणार नाही." आवाज चढवायची तिला गरजच वाटली नाही. "काल त्या खोलीत मला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. कडी होती बाहेरून..." काकू पुटपुटली.

"आत्या जिवंत होती, काका. ठोठावत होती. तुम्ही ऐकत उभे राहिलात, आणि हिने माझं तोंड दाबलं. तुमचा नियम मी पाळणार नाही. या घरात यापुढे कुणीच पाळणार नाही."

आई दोघांकडे बघत राहिली. काकू जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात, भिंतीला टेकवलेल्या दाराच्या मागून, जिथे हात शिरायलाही जागा नव्हती, आवाज आला.

ठक् ठक्...

पिशवीत हत्यारं भरणाऱ्या सुताराने मान वर केली. सगळे तिसऱ्या ठोक्याची वाट बघत उभे राहिले.

तो ठिणगीला छातीच्या हाडावर बसला.