भोंग्यावरची माफी

चढाई अगदी रंगात आलेली आणि मैदानाच्या कडेची मोठी स्क्रीन एकदम काळी पडली!

मुरबाडकडच्या एका गावात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात कबड्डीचे सामने चालले होते. गुण दाखवणं, पकड पुन्हा दाखवणं, सामना लोकांच्या मोबाइलवर लाइव्ह पाठवणं... हे सगळं काम माझं. मी राही, शहापूरची. याच कामासाठी मी कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं नवं, चांगलं दमदार ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं. आणि तेच ऐन वेळी दगा देत होतं. कार्डाचा पंखा पिसाळल्यासारखा गरगरत होता, स्क्रीन मात्र ठार काळी.

मी टेबलाखाली वाकून केबल तपासत होते, तेवढ्यात भोंग्यावरून समालोचकाचा आवाज आला.

"मंडळी, स्क्रीन गेलीय बरं का! आता कॉम्प्युटर पोरीच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार... चालायचंच!"

अख्खं मैदान हसलं.

मी ताडकन उठले. डोकं टेबलाला आपटलं, त्यामुळे राग दुप्पट झाला. तरातरा गेले आणि त्याच्या हातातला माइक काढून घेतला. सडपातळ, सावळा, चौकडीचा शर्ट. आणि डोळे... असू दे. त्या क्षणी मला त्याचे डोळे दिसलेच नाहीत.

"मघाशी तुमी एकाच खेळाडूचं नाव दोनदा चुकलात," मी माइकवरच म्हणाले. "तेव्हा मी स्क्रीनवर लिहिलं का, माइक पोराच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार म्हणून?"

मैदान पहिल्यापेक्षा मोठ्यानं हसलं. तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. माझं समाधान झालं... पण जेमतेम पाच मिनिटं. कारण पुढच्याच रांगेत अनिलभाऊ बसले होते. आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच मुलींचे सामने होणार होते आणि ते भरवणारे हेच. लाइव्हचं काम त्यांनी मला दिलं होतं.

"राही, आपल्याकडे आता लाइव्ह नको," सामने संपल्यावर ते म्हणाले. "पोरी पहिल्यांदा खेळतायत. त्यात स्क्रीन गेली तर लोक पोरींनाच हसतील."

दुसऱ्या दिवशी वर्षाचा फोन आला. वर्षा किन्हवलीकडच्या कातकरी वाडीतली, आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले.

"लाइव्ह नाय का गो राही? मी बाबाला सांगून ठेवलंय, भट्टीवर सगळ्यांना गोळा करून बस म्हणून. त्यानं मला खेळताना कधी बघितलंच नाय."

म्हटलं, "तू सराव कर. लाइव्हचं मी बघते."

मग मी हात धुऊन त्या कार्डाच्या मागे लागले. केबल बदलली. दुसरा मॉनिटर लावून पाहिला. कार्ड काढून त्याच्या पिना साफ केल्या, पुन्हा घट्ट बसवलं. कार्ड चालवणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पुसून नवा टाकला. साधं काम करताना सगळं छान चालायचं. पण सामन्यात चालतं तसं सगळं एकदम चालू केलं की स्क्रीन काळी! जुनं कार्ड लावलं की काही कुरकुर नाही. म्हणजे दोष एकतर नव्या कार्डात, नाहीतर त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात. त्याला आमच्यात एसएमपीएस म्हणतात. माझा एसएमपीएस जुना होता. कार्ड घेतानाच मी कल्याणच्या दुकानदाराला विचारलं होतं, हा पुरेल ना? तो म्हणाला होता, "आरामात चालेल ओ ताई!"

म्हणून मी त्यालाच फोन लावला. सगळं नीट सांगितलं. तो जांभई देत म्हणाला, "ताई, असं करा... घरात कुणी मुलगा असेल ना, त्याला फोन द्या. त्याला समजावतो."

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. फोन कट करून वळले, तर दारात चौकडीचा शर्ट!

"मी भाविक," तो म्हणाला. "त्या दिवशी... समालोचनाला... मुरबाडला एमआयडीसीत कामाला आहे मी, सुट्टीच्या दिवशी माइक धरतो. पत्ता वर्षानं दिला, सामन्यांमुळे ओळख आहे आमची."

"बरं. मग?"

"फोनवरचं ऐकलं मी. आवाज मोठा होता. द्या, त्याच्याशी मी बोलतो—"

"का? तुमी मुलगा म्हणून?"

उंबऱ्याबाहेरच उभा राहून त्यानं चप्पल काढली, पुन्हा घातली.

"नाय," शेवटी तो म्हणाला. "तो जे बोलला, तेच मी भोंग्यावरून बोललो होतो. आता बाजूला उभं राहून ऐकलं, तेव्हा कळलं कसं लागतं ते. तुमचं काम गेलं, हेही वर्षानं सांगितलं. मी माफी मागायला आलोय."

"इथं? चार भिंतींत?" मी उसळलेच. "अपमान भोंग्यावर केलात ना? मग माफी पण भोंग्यावरच मागा!"

मला वाटलं, आता चिडून निघून जाईल. तो मात्र मान हलवून म्हणाला, "बरोबर आहे. मागीन."

इतक्या सहज? भांडायला माणूस उरलाच नाही की राग कुठे ठेवायचा...

"आत या," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "पण कशाला हात लावायचा नाय."

तो आला आणि खरंच कशाला हात न लावता बसला. मी टेस्ट लावली की तो स्क्रीनकडे बघायचा. स्क्रीन गेली की हळूच माझ्याकडे बघायचा. मी बघितलं की पंख्याकडे बघायचा.

"आता काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"मोठा एसएमपीएस. तो लावून स्क्रीन टिकली तर कार्ड चांगलं. नाय टिकली तर कार्डच खराब."

"माझ्या मित्राकडे आहे. धनेश. मुरबाडला पडवीत बसून गेम खेळतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. चला, गाडीवर नेतो तुमाला."

"माझी स्कूटर आहे."

कॉम्प्युटरची पेटी गोधडीत गुंडाळून मी स्कूटरवर पायाशी ठेवली, दोरीनं बांधली आणि निघाले. तो मोटारसायकलवर मागे. रस्ता खराब, त्यामुळे मी बैलगाडीच्या चालीनं चाललेले. किन्हवली गेली तरी तो आपला मागेच! आरशात सारखा दिसतोय. काळू नदीच्या पुलाजवळ दोरी सैल झाली म्हणून थांबले.

"पुढे का नाय जात तुमी?" मी विचारलं.

"खड्डा आला की तुमी पेटीला हात लावता. तेव्हा मागून येणाऱ्या गाड्या अडवायला नकोत?"

तो दोरीकडे वाकला.

"राहू द्या. गाठ मी मारते."

"मारा ना. मी नुसता धरतो."

त्यानं दोरी धरली, मी गाठ मारली. बोटाला बोट लागलं... लागलं असेल. थंडीचे दिवस, पण माझे कान गरम झाले. मग त्यानं खिशातून रानबोरं काढून पुढे केली. मी अजून रागावलेली आहे हे त्याला कळावं म्हणून मी एकदम पाच-सहा उचलली.

धनेशच्या पडवीत मी त्याचा एसएमपीएस माझ्या पेटीला जोडला. वायरी माझ्याच हातांनी लावल्या. भाविक मोबाइलचा उजेड धरून वाकला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणून मी स्क्रू दोनदा पाडला.

टेस्ट सुरू केली. पंखा चढला. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता जाईल... आता जाईल... चहा झाला. धनेशच्या आईनं पोहे आणले. तरी चित्र जागच्या जागी!

"बघ!" मी भाविकची बाहीच ओढली. "बघ ना, जातच नाय! कार्ड चांगलंय! वीज पुरत नव्हती त्याला!"

"बघतोय," तो म्हणाला. पण तो स्क्रीनकडे बघत नव्हता.

आणि मी त्याला 'अरे-तुरे' केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी बाही सोडली आणि लगेच दुकानदाराला फोन लावला, कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. या वेळी त्याला मधे बोलूच दिलं नाही. नवा एसएमपीएस बदलून द्यायला तो कबूल झाला. पण तो येईपर्यंत सामने होऊन गेले असते. धनेश म्हणाला, "माझाच घेऊन जा. खेळेन नंतर."

"अनिलभाऊंशी मी बोलू का?" बाहेर आल्यावर भाविकनं विचारलं.

"अजिबात नाय. काम माझं, बोलणार मी."

अनिलभाऊंचं शहापुरात बी-बियाण्यांचं दुकान. मी पेटी सरळ त्यांच्या काउंटरवर मांडली. वर्षा येऊन गोणीवर बसली.

"भाऊ, दुकान बंद होईपर्यंत हे चालू राहील. स्क्रीन एकदा जरी गेली, तर मी उचलून घरी जाते."

मी जुना सामना लावला, सगळं एकदम चालू केलं. गिऱ्हाइकं येऊन थबकत होती. भाऊ तासभर बघून न बघितल्यासारखं करत होते. मग चष्मा लावून म्हणाले, "ती पकड परत दाव गो."

वर्षानं गोणीवरूनच मला डोळा मारला.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं. समालोचनाला भाविक होता. पहिला सामना सुरू व्हायच्या आधी तो उभा राहिला. नेहमी धबधब्यासारखा बोलणारा माणूस, आज माइक या हातातून त्या हातात घेत होता.

"मंडळी, आधी एक बोलायचंय. मागे मुरबाडकडच्या सामन्यात स्क्रीन गेली, तेव्हा मी भोंग्यावरून म्हणालो होतो की कॉम्प्युटर पोरीच्या हातात दिल्यावर असंच होणार. ते चूक होतं. तिला नवं कार्ड विकलं, पण त्याला वीज पुरेल का हे दुकानदारानं बघितलं नव्हतं. ते तिनं एकटीनं शोधून काढलं. राही, मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागतो."

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "शाणा हाय पोरगा!" आणि टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून गुणफलक नीट करत बसले. तो आधीच नीट होता.

स्क्रीन गेली नाही. वर्षानं शेवटच्या चढाईत दोघींना बाद करून रेषेला हात लावला, तेव्हा लाइव्हखाली भट्टीवरच्या माणसांचे निरोप धडाधड येत होते. नंतर तिचा फोन वाजला. "बाबा, दिसले का मी?" एवढं विचारून ती जी रडायला लागली, ती चषक घ्यायला जाईपर्यंत थांबली नाही.

ऊन कलल्यावर गर्दी पांगली. मी केबल गुंडाळत होते, भाविकनं दुसरं टोक उचललं.

"राही..."

"काय?"

"काय नाय."

थोडी केबल गुंडाळून झाली.

"राही, ते... मला..."

"अरे, बोल की! एवढ्या गर्दीसमोर माफी मागताना बोललास, आणि आता मी एकटी आहे तर बोलता येत नाय?"

"गर्दी हसली तर मी घरी जातो," तो खाली बघत म्हणाला. "तू नाय म्हणालीस तर... कुठं जाऊ?"

माझं काळीज लक्कन हललं. आणि त्याच क्षणी मला असा राग आला, असा राग आला म्हणून सांगू!

"मी नाय म्हणेन, हे तू परस्पर ठरवलंस?" मी केबल जमिनीवर टाकली. "मला न विचारता? तू कोण माझं उत्तर ठरवणारा?"

त्यानं वर बघितलं. आधी घाबरून... मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं.

"म्हणजे...?"

"म्हणजे आधी नीट विचार," मी म्हणाले.

आणि त्यानं विचारलं.