कालवणातली गोळी

राजलक्ष्मीचं डोकं सकाळी सव्वानऊलाच फिरलं. परळच्या हॉस्पिटलात ती स्कॅनची टेक्निशियन. आणि समोर हा लहू, दादरच्या बाजारात मासळी विकणारा, वय बत्तीस, प्रेशर एकशे ऐंशी, आणि वर हसतोय!

"स्कॅनसाठी प्रेशरची ती गोळी महिनाभर बंद ठेवायला सांगितली होती ना? बदली दुसरी दिलेली!"

"मी बंदच ठेवलेली, मॅडम. आयेनं कालवणात घातली… कुटून. तिला वाटलं, डॉक्टर पोराला मारतोय."

कपाळ माझं! मूत्रपिंडावरच्या दोन इवल्या ग्रंथी. एकीतच गाठ असेल, तर तीच जादा हार्मोन सोडून प्रेशर चढवते. काढली की सुटका होऊ शकते. दोन्ही बिघडल्या असतील, तर जन्मभर गोळ्या. ते कळायचं या स्कॅनमध्ये, नुसती एक सुई टोचून. पण ही गोळी त्याच हार्मोनशी झगडते; ती पोटात असताना चित्रावर भरवसा कसा ठेवणार? तारीख महिनाभर पुढे गेली.

दुसऱ्या खेपेला स्वारी उगवली साडेअकराला. सुईतलं किरणोत्सारी औषध सकाळी बनतं, तासाभरात निम्मं होतं, हे दहादा सांगून झालेलं! तारीख पुन्हा पुढे.

"बोट उशिरा लागली. मासळी कुजली असती…"

"आणि तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" ती ओरडली.

तो हसला नाही. "संपात गिरणी सुटली, तसा बा होडीवर गेला. प्रेशर कुणी मोजलंच नाही. चाळिशीत गेला… मशीन काय सांगेल, त्याची भीती वाटते, मॅडम."

राजलक्ष्मीला त्याचा राग आला, स्वतःचाही आला. मग ती रोज सकाळी त्याच्या आईला, तुळसाबाईंना, फोन करू लागली. "मावशी, गोळी कुठाय?"

"डब्यात हाय गो बाय, शप्पत!"

मग हमखास लहू फोन घ्यायचा. "आज सरंगा आलाय. पाठवू?"

"काही नको!" ती गिरगावची पाठारे प्रभू, माशावर जीव. "…केवढा आहे?"

तिसऱ्यांदा तो आठलाच हजर. काचेअलीकडे बसून तिनं पडद्यावरचं चित्र तीनतीनदा तपासलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, गाठ फक्त डावीकडे. ऑपरेशन करू. लहू बाहेर आला तो थेट तिच्याकडे.

"आता तुमच्याकडचं काम संपलं म्हणायचं…"

"संपलं. ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकलीय."

"का?"

"का काय, का? आपल्या माणसाला आत नेलं, की बाहेर कुणीतरी बसायला लागतं! एवढंही कळत नाही तुला?"