गवतावरची तिरकी खूण

"पुन्हा," आत्या म्हणाली.

फिरकीने जीव खाऊन काठी फिरवली आणि काठीपाठोपाठ स्वतःही गरकन फिरून गवतावर बसली. चेंडू होता तिथेच होता. दादाने पोट धरून हसून घेतलं. फिरकी हे नाव त्यानेच धाकट्या बहिणीला सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी बहाल केलं होतं आणि दोन आठवड्यांत ते तिला अगदी चिकटलं होतं.

आत्या गोल्फच्या मैदानावर गवत राखायचं काम करायची. लहानपणी ती इथेच खेळायला शिकली होती. सुट्टीत भाचरं आली, त्यांच्याबरोबर शेजारचा चष्मिष आला आणि सरावाच्या जागेच्या कडेला तिघांची शाळा भरू लागली. दादाला आणि चष्मिषला ती गंमत होती. फिरकीचं तसं नव्हतं. रविवारी मुलांची चाचणी होती. दहापैकी सहा चेंडू तळ्यापलीकडे टाकणाऱ्याला मैदानावरच्या वर्गात जागा मिळणार होती, आणि फिरकीला ती हवीच होती.

"काठीचा गळा आवळू नकोस," आत्या सांगायची. "दुधाची पिशवी धरतेस तशी धर. सुटायला नको आणि फुटायलाही नको." दोन पायांत खांद्यांइतकं अंतर. आधी खांदे वळवायचे, परत येताना कंबर आधी, हात सगळ्यात शेवटी. फटका मारल्यावर मनात तीन मोजेपर्यंत तसंच उभं राहायचं आणि चेंडू पडेपर्यंत पाहायचं. मग उडालेली गवताची खपली उचलून आणायची, जागेवर ठेवायची आणि पायाने दाबायची. या शेवटच्या कामाला सूट नव्हती.

फिरकी फिरायची थांबली, तर चेंडू उजवीकडे पळायला लागला. मारायची तळ्याकडे, जायचा झुडपात. चष्मिषने गुडघे टेकून तिच्या फटक्यांनी गवतावर उमटलेल्या खुणा पाहिल्या आणि तो बुचकळ्यात पडला. खुणा सगळ्या डावीकडे तिरक्या होत्या.

"मग बरोबरच आहे," आत्या म्हणाली. "हिची काठी बाहेरून आत ओढली जाते. गवत डावीकडे सोललं जातं आणि चेंडूला गिरकी बसून तो उजवीकडे पळतो."

फिरकीने ते मनात पक्कं केलं. तीन दिवस ती काठी आतून बाहेर न्यायला शिकत राहिली. हाताला फोड आले, त्यांवर पट्ट्या आल्या. गुरुवारी सकाळी तिचे चार चेंडू सरळ तळ्यापलीकडे गेले आणि दादाने पहिल्यांदाच हसायचं विसरून टाळी वाजवली.

त्याच दिवशी दुपारी रोपांच्या काचघराची एक काच फुटलेली सापडली. आत कुंडीत गोल्फचा चेंडू.

सेक्रेटरीकाका तरातरा आले. मैदानाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. जेवणाच्या वेळी आम्ही घरी होतो, असं दादा सांगत होता, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. आवाज कुणी ऐकला नव्हता, कारण त्या वेळी आत्या कानाला झाकणं लावून गवत कापायचं यंत्र चालवत होती. काकांनी निकाल दिला. उद्यापासून मुलांनी मैदानावर यायचं नाही, आणि चाचणीचं नाव काढायचं नाही.

आत्याचा चेहरा उतरला. फिरकी मात्र रडली नाही. ती सरळ सरावाच्या जागी गेली आणि खाली वाकली.

"हे बघ," तिने दादाला बोलावलं. "ही खपली कुणी बसवलेली नाही. आपली नाही ही."

खूण वीतभर लांब होती आणि डावीकडे तिरकी होती. काका मागून आलेच होते. ते हसले. "अगं, ही तळ्याच्याही डावीकडे रोखलीय आणि काचघर उजवीकडे. या फटक्याने काच कशी फुटेल?"

फिरकी बोलायला गेली, तेवढ्यात चष्मिषने तिचा पाय दाबला. काका रोज जेवणाआधी पाच-दहा चेंडू मारून जायचे, हे त्याने पाहिलं होतं. आणखीही एक पाहिलं होतं. फटका मारला की ते लगेच मागे वळायचे, आपल्याला कुणी पाहिलं की नाही ते बघायला.

तिघांनी घरी डोकी एकत्र केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाबाहेरच उभे राहिले आणि काका आल्यावर फिरकी पुढे झाली.

"काका, आम्ही जातोच आहोत. जायच्या आधी फक्त एक फटका दाखवाल? तुमच्यासारखा जोर आमच्यात कुणालाच नाही."

ते शेवटचं वाक्य कामी आलं. काकांनी बाह्या सरसावल्या आणि तिघांना घेऊन ते सरावाच्या जागी आले. आत्या काय चाललंय ते पाहायला हातातलं काम टाकून आली. यंत्र बंद होतं.

"आणि काका," फिरकी म्हणाली, "आत्या सांगते, तीन मोजेपर्यंत हलायचं नाही, चेंडूकडे बघत राहायचं. तेही दाखवा ना."

काकांनी दणकून फटका मारला. माती उडाली. दादाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एकला चेंडू तळ्याकडे निघाला, दोनला उजवीकडे वळला, आणि तीन म्हणायच्या आत काचघराच्या फुटक्या चौकटीवर ठोकलेल्या फळीवर खाडकन आदळला.

काकांची काठी खांद्यावर तशीच राहिली. फिरकीने कालच्या खुणेशेजारी आजच्या खुणेकडे बोट दाखवलं. दोन्ही वीतभर, दोन्ही डावीकडे तिरक्या.

"माझेही चेंडू असेच जात होते," ती हळूच म्हणाली. "म्हणून ओळखलं."

काकांनी एकदा खुणांकडे, एकदा फळीकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली. "इतकी वर्षं खेळतोय," ते म्हणाले, "पण चेंडू जातो कुठे, ते आज पाहिलं. चूक माझी होती. पोरांनो, माफ करा."

रविवारी फिरकीचे पहिले दोन चेंडू तळ्यात बुडाले. तिने हात सैल केले, दुधाची पिशवी आठवली. पुढच्या आठांतले सहा पलीकडे गेले, त्यांतला सहावा शेवटच्या फटक्याला. तीन मोजून झाले तरी ती हलली नाही.

"फिरकी आज फिरली नाही," आत्या म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

काकांनी यादीत फिरकीचं नाव पहिलं लिहिलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की ही मुलगी हातापेक्षा डोळ्यांनी जास्त खेळते. मग त्यांनी स्वतः एक चेंडू मारला, तो उजवीकडे झुडपात गेलेला पाहिला आणि घसा साफ करून विचारलं, ते उजवीकडे पळणं थांबवायला आपल्याला कोणी शिकवेल का?

फिरकीने त्यांच्या पायाशी पाहिलं.

"शिकवीन, काका. पण आधी ती खपली बसवा."

आणि सेक्रेटरीकाका मुकाट्याने खाली वाकले.