हजेरीतला पंधरावा

बाई खुर्चीवर बसल्या आणि खुर्ची मोडली. एवढंच झालं. पण त्या आवाजाने डोंगरापलीकडच्या दोन गाईंनी आठवडाभर दूध दिलं नाही, असं सांगणारी माणसं अजून हयात आहेत. त्यामुळे मीही तसंच सांगतो.

बाईंचा भार म्हणाल तर काहीच नव्हता. अडतीस वर्षं खडूची धूळ खाऊन माणसाचं वजन किती वाढणार? खुर्ची मोडली ती निव्वळ दमून. बाईंबरोबरच नोकरीला लागली होती बिचारी.

नेमका त्याच वेळी खालच्या रस्त्याने एक सुतार सायकल ढकलत चालला होता. आवाज ऐकून तो धावत वर्गात आला. बघतो तर चौदा मुलं उभी, बाई जमिनीवर बसलेल्या, हातातला खडू हातातच, आणि शिकवणं चालूच.

"लागलं का हो?" त्याने विचारलं.

"बोलायचं असेल तर हात वर करा," बाई म्हणाल्या.

आणि त्याने हात वर केला! साठी ओलांडलेला माणूस, कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा...

"बाई... लागलं का?"

"नाही. बसा खाली. भागाकार चाललाय."

तो शेवटच्या बाकावर बसला, कारण गुडघे तेवढे तिथेच मावत होते. भागाकार संपला. त्याने खुर्चीचा पायही ठोकून दिला. तरी निघायचं नाव घेईना. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्याने फळ्याकडे पाहिलं. फळा केव्हाच पुसून झाला होता.

त्या आठवड्यात तपासणीचे साहेब यायचे होते. नियम असा, की पटावर पंधरा विद्यार्थी नसतील तर शाळा बंद. मुलांनी मग ओढा ओलांडून मोठ्या शाळेत जायचं. ओढा कसला, पाऊस लागला की तो गाडीभर दगड घेऊन पळायचा. आणि पटावर होते चौदा.

"पंधरावं नाव माझं घाला," सुतार म्हणाला.

"मिस्त्री, वय काय तुमचं?"

"नियमात काय लिहिलंय?"

बाईंनी नियमाचं पुस्तक काढलं. वयाची खालची अट होती. वरची अट लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"शाळेत कधी गेला होतात?"

"गेलो होतो... खिडकी बसवायला."

बाई हसल्या. फार दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हसू अर्ध्यावर आलं आणि वाट विसरल्यासारखं थांबलं. त्यांनी हजेरीत पंधरावं नाव लिहिलं, इयत्ता चौथी. साहेब आले, मोजून गेले. पंधराव्याकडे त्यांनी दोनदा पाहिलं, पण नियमाला दाढी दिसत नाही.

पुढे तीन वर्षं गेली.

तीन वर्षं रोज सकाळी बाई हजेरी घ्यायच्या आणि शेवटी जरा थांबून म्हणायच्या, "क्रमांक पंधरा?"

"हजर, बाई."

हे दोन शब्द तो असे म्हणायचा, की पहिलीतली पोरंसुद्धा एकमेकांना कोपरं मारायची.

चौथी पास झाला की शाळा सुटणार आणि पट चौदावर येणार. म्हणून मिस्त्री दरवर्षी नापास व्हायचा. पण कसा? बारा गुणिले बारा, तर एकशे त्रेचाळीस. सात आठे, तर पंचावन्न. प्रत्येक उत्तर बरोबर एकाने कमी. बाईंनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. ज्याला येत नाही तो वाटेल तिकडे भरकटतो. नेमका एकच पाऊल अलीकडे थांबतो तो ज्याला सगळं येतं. शिवाय याने केलेल्या दारांच्या फटीतून मुंगी गेली तर तिने आधी श्वास आत ओढायला हवा, अशी त्याची ख्याती.

पण बाई लाल शाईने चुकीच्या खुणा करत राहिल्या. आणि शाळेत वस्तू उगवत राहिल्या. आधी पायऱ्यांना कठडा आला, कारण बाई तिसऱ्या पायरीवर थांबायच्या. मग टेबलाखाली पाय टेकायला पाट आला. मग लांब दांड्याचं डस्टर आलं.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"तुमचा उजवा खांदा वर जात नाही आता."

"तुम्ही वर्गात फळ्याकडे बघता की खांद्याकडे?"

"खांदा मधे येतो, बाई. माझा काय दोष?"

बाईंनी पाठ फिरवली आणि फळा पुसला. आधीच स्वच्छ असलेला.

त्या दमल्या होत्या. ते दमणं झोपेने जाणारं नव्हतं, हाडांत घर करून बसलेलं होतं. निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं, पण 'दुसरी नेमणूक होईपर्यंत सांभाळावे' असं पत्र आलं होतं आणि दुसरं कुणी आलं नव्हतं. आसपासच्या चाळीस गावांत त्यांचे विद्यार्थी. बसचा ड्रायव्हर त्यांना बघून पन्नास पावलं मागे गाडी घ्यायचा. दवाखान्यातला डॉक्टर त्यांना तपासताना आधी स्वतःचीच नखं दाखवायचा. सगळ्यांच्या त्या बाई, सगळ्यांच्या पोरांच्या आजी. एवढ्या माणसांची आजी व्हायचं म्हणजे केवढं काम! प्रत्येकाची विचारपूस करायची, प्रत्येकाला ओळखायचं... संध्याकाळी घरी आल्या की चपला काढायलाही वाकवेना. अर्धा तास तशाच बसून राहायच्या.

त्यांची खरी नात एकच. शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. मुलगी-जावई दूर देशी, आजोबा कधीच गेलेले, त्यामुळे आजीवर हक्क सांगणारी ती एकटीच. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती आली आणि शाळेच्या दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजी, पाय बघितलेस का तुझे? सुजून वीतभर झालेत. चल माझ्याकडे. एक खोली रिकामी आहे."

"मुलांना कुणाच्या भरवशावर टाकू?"

"आता रस्ता झाला, पूल झाला. मोठ्या शाळेची गाडी घरासमोर येणार म्हणतात. पट चौदा झाला की ही शाळा तिकडे जाईल आणि तू सुटशील. कोण अडवतंय मग?"

आजीने उगीचच टेबलावरचं डस्टर सरळ केलं. नातीने डस्टरकडे पाहिलं, त्याच्या लांब दांड्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं... आणि तडक सुताराच्या कामाच्या जागी गेली.

तो एका खुर्चीचा हात घासत होता.

"मिस्त्रीआजोबा."

"आजोबा नको. पंधरावा म्हण."

"तर पंधरावे, माझी आजी तुमच्यामुळे अडकलीय."

त्याचा हात थांबला.

"तुम्ही नापास होता म्हणून पट भरतो. पट भरतो म्हणून ती रोज त्या पायऱ्या चढते. कठडा केलात, छान केलात. पण चढायला कोण लावतंय तिला?"

त्याने बोटाने लाकडावरची धूळ पुसली.

"आधी ओढा होता," तो हळूच म्हणाला.

"आता पूल आहे."

"हो. पूल झाल्याला... दीड वर्ष झालं." त्याने मान खाली घातली. "हे दीड वर्ष माझ्याच खात्यावर."

"मग नाव काढून घ्या."

"नाव काढलं तर त्यांना वाटेल, मी कंटाळलो." त्याने पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली. "पास होतो. जाऊ दे त्यांना."

परीक्षेच्या दिवशी बाहेर बारीक अवकाळी पाऊस होता, पत्र्यावर कुणीतरी बोटांनी ताल धरावा तसा. मिस्त्री मान खाली घालून लिहीत होता. एकदाही वर पाहिलं नाही. बाईंनी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा त्या उठून खिडकीशी गेल्या, तेवढ्यासाठीही टेबलाचा आधार घेत.

दुपारी मुलं गेल्यावर त्यांनी पेपर तपासायला घेतले. पंधरावा पेपर शेवटी. बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीस. त्यांनी चष्मा पुसला. सात आठे, छप्पन्न. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. एकाने कमी असं एकही उत्तर नव्हतं.

त्या क्षणी बाईंना खूप दमल्यासारखं वाटलं. आतापर्यंत कधी वाटलं नव्हतं इतकं. सुटका समोर होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटचा प्रश्न पत्राचा होता. 'आपल्या आवडत्या व्यक्तीस सुट्टीत घरी बोलावणारे पत्र लिहा.' दरवर्षी तो हा प्रश्न कोरा सोडायचा. या वेळी लिहिलं होतं. अक्षर कोरल्यासारखं.

'मायना काय लिहावा ते ठरत नाही, म्हणून जागा सोडली आहे. गुण कापा. मी तीन वर्षं चुकलो आणि तुम्हाला ते कळत होतं, हे मलाही कळत होतं. हजेरीत माझं नाव शेवटी यायचं आणि त्याआधी तुम्ही जरा थांबायचात. त्या थांबण्यासाठी मी आणखी दहा वर्षं नापास झालो असतो. पण तुम्ही दमला आहात आणि मी स्वार्थी झालो. आता जा. नातीकडे खूप झोपा. बोलवायचं पत्र लिहायला सांगितलंय, पण विद्यार्थ्याने बाईंना कसं बोलवायचं? खुर्ची मात्र केली आहे. दोन्ही हातांची. ही मोडणार नाही. पंधरावा.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग चुका शोधत तिसऱ्यांदा वाचलं.

निकालाच्या दिवशी मिस्त्री ती खुर्ची पाठीवर घेऊन आला. नात पिशव्या भरून दारात उभी. मुलं प्रगतिपुस्तकं घेऊन पांगली. मग बाईंनी हाक मारली, "क्रमांक पंधरा?"

"हजर, बाई." खुर्ची खाली टेकवत तो म्हणाला.

"शंभरापैकी नव्व्याण्णव. पास. शाळेतून तुमचं नाव कमी झालं. आजपासून मी तुमची बाई नाही आणि तुम्ही माझे विद्यार्थी नाही."

"हो..." तो जमिनीकडे बघत राहिला. मग त्याच्यातल्या सुताराला राहवेना. "पण एक गुण कुठे गेला? माप बरोबर होतं माझं."

"पत्रात गेला."

"मायन्याचा?"

"मायना सुचेल सावकाश. त्याची घाई नाही." बाई त्या नव्या खुर्चीत बसल्या. दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले. तंतोतंत! खांदा जिथे टेकायला हवा तिथेच टेकला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. "पत्राच्या वर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा असतो. चौथीत शिकवलंय. तुम्ही लिहिलाच नाही."

"पत्ता कशाला? बोलावलं कुठे मी?"

"प्रश्न नीट वाचा, मिस्त्री. बोलावणारं पत्र लिहा, असा आहे." डोळे मिटलेलेच. "पत्ता नसेल तर माणसाने यायचं कुठे?"

दारातून नात म्हणाली, "आजी! आणि माझी रिकामी खोली?"

"दिवाळीत येऊ गं," बाई पुटपुटल्या. "दोघं."

मिस्त्रीने टेबलावरचा आपला पेपर ओढला आणि कानावरची पेन्सिल काढली.  ज्या हाताने कधी रेघ चुकवली नाही त्या हाताने दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा घराचा पत्ता लिहिला, आणि पेपर पुढे केला.

बाईंनी तो घेतला नाही. त्या झोपल्या होत्या. शाळेच्या वेळेत, भर वर्गात, एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

नात पुढे झाली. त्याने तिला बोटाने थांबवलं. मग टेबलावरची शाळा सुटायची घंटा उचलली, लोलक मुठीत धरून, आवाज होऊ न देता, आणि आपल्या हत्यारांच्या पिशवीत खाली, रंध्याच्या शेजारी ठेवून दिली. पेपर मांडीवर घेऊन तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला, जिथे त्याचे गुडघे मावायचे.

त्याला काही घाई नव्हती. तो पास झाला होता.