शेपूची कुठली, पुदिन्याची कुठली?

कान्हे फाट्यावर, भुरभुरत्या पावसात, माधवी दोन इवल्या बाटल्या हातात धरून रडवेली उभी होती. सुगंधी अर्काच्या कारखान्यातली तिची नोकरी अगदी नवी. ती टिकली तर माधवी मावळात राहणार; सुटली तर साताऱ्याला परत, आत्याने हेरून ठेवलेल्या स्थळापुढे पोहे घेऊन. लोणावळ्यात गिऱ्हाईक वाट बघत होतं, आणि बर्फाच्या डब्यात भिजून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. नुसत्या वासानं कळलं असतं, पण सर्दीनं माधवीबाईंचं नाक गच्च.

शेजारी एसटीची वाट बघत अमृत उभा होता. आंदर मावळातला, वलवणच्या रिसॉर्टवर इलेक्ट्रिशियन. खांद्याला वायरचं भेंडोळं.

"जरा... वास घेऊन सांगता?"

"बेशुद्ध न्हाई ना पडणार, मॅडम?"

"पडलात तर मी आहे ना."

"मग द्या की."

पहिल्या बाटलीला त्याचं तोंड वाकडं झालं. "शेपू. बी चोळल्यावर येतो, त्योच वास." दुसरीला मात्र त्याने डोळे मिटले. "ह्यो पुदिना."

माधवीचा जीव भांड्यात पडला. बाटल्यांवर खुणा करत ती म्हणाली, "गंमत सांगू? दोन्हीत रेणू एकच. अणू तेच, फक्त एक रूप दुसऱ्याचं आरशातलं." तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "असे. उजवी चप्पल डाव्या पायात बसते का? नाकातल्या खाचांचंही तसंच. एक रूप एकीत बसतं, दुसरं दुसरीत. औषधांतही कधी एक रूप गुण देतं, आणि दुसरं नुसतंच पोटात जातं."

"आमच्यात उलटं जोडलं की झटका बसतो."

"आणि इथे?"

"हितं..." तो तिच्या तळव्यांकडे बघत राहिला, "सरळ जोडूनबी बसला."

तिने हात चटकन मागे घेतले. कान मात्र तापलेलेच राहिले.

गिऱ्हाईक खूश झालं, नोकरी टिकली. शनिवारी माधवी आभार मानायला फाट्यावर गेली. एका अनोळखी माणसाने, काही न विचारता, आपलं ओझं हलकं केलं, या आठवणीने तिचं मन राहून राहून भरून येत होतं. त्याने चहा पाजला. मग पुढच्या शनिवारी तिने पाजला. चहाची ही फेड काही केल्या संपेना, आणि संपावी असं दोघांनाही वाटेना.

भातं पोटरीला आली, लोंब्या फुटायच्या बेतात आल्या, तेव्हा अमृतने विचारलं, "आभार मानून झालं का न्हाई अजून?"

"नाही झाले." माधवीने मान खाली घातली. "तुमच्यामुळे मी इथे राहिले, अमृत. आता... तुमच्यासाठी राहायचंय. जन्मभर आभार मानले तर चालेल?"

अमृतच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने लपवलंही नाही.

एसटी येऊन थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "येताय का?"

"तुमी व्हा म्होरं," अमृत म्हणाला, आणि त्याने माधवीचा हात हातात घेतला.